व्हीलचेअर घेऊन समुद्रावर जायचंय? वाळू, भरती-ओहोटी आणि मोजपट्टी

समुद्रावर जायचं ठरलं की माणसं आधी तिकीट काढतात, मग राहायची जागा शोधतात, आणि किनारा काय, तो तिथे असणारच असं धरून चालतात. तुम्ही व्हीलचेअरवर असाल तर हा क्रम उलटा करा. आधी पाण्यापर्यंतची वाट बघा, मग खोली, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. वाटेत एखादी पायरी, एखादं अरुंद दार किंवा वीस पावलांचा भुसभुशीत पट्टा आला की सगळा बेत तिथेच अडतो. बाकीच्या सोयी कितीही चांगल्या असल्या तरी मग त्यांचा उपयोग होत नाही.

मी हाताने चालवायची व्हीलचेअर वापरते आणि समुद्र मला मनापासून आवडतो. रस्त्यावरच्या कठड्याआडून बघण्यात माझं समाधान होत नाही, लाटेचं पाणी पायावर यायला हवं. ते जमतं. त्यासाठी काय काय बघावं लागतं ते खाली क्रमाने लिहिलंय.

१. किनारा वाळूवरून निवडा

सगळी वाळू सारखी नसते. बारीक रेतीची सपाट पुळण ओली झाली की घट्ट बसते आणि तिच्यावरून साधी खुर्चीसुद्धा बऱ्यापैकी चालते. भरड वाळू मात्र ओली असो की कोरडी, चाकाखालून सरकतच राहते. गोट्यांचे आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे किनारे खुर्चीसाठी सोडूनच द्या. उतारही बघा. सपाट किनाऱ्यावर ओल्या वाळूचा पट्टा रुंद मिळतो. उताराच्या किनाऱ्यावर खाली जाणं सोपं वाटतं, पण परत वर येताना ढकलणाऱ्याचा दम निघतो, आणि लाटही अगदी पायाशी येऊन फुटते.

घरबसल्या यातलं बरंच कळतं. उपग्रह नकाशात गाडी उभी करायच्या जागेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. ओली वाळू गडद दिसते, कोरडी फिकी. फिकट पट्टा जितका रुंद, तितकं तुमचं काम अवघड. लोकांनी टाकलेल्या फोटोंमध्ये पावलांचे ठसे बघा. ठसा उथळ आणि रेखीव असेल तर वाळू घट्ट आहे. पाय रुतून खड्डे पडलेले दिसले तर ती वाळू तुमची पुढची चाकंही तशीच गिळणार.

किनाऱ्यावर सोयी असतात त्या साधारण चार प्रकारच्या. वाळूवर अंथरलेल्या गुंडाळता येणाऱ्या जाळीदार चटया, लाकडी फळ्यांची वाट, फुगीर रुंद चाकांची बीच व्हीलचेअर, आणि थेट पाण्यात नेणारी यंत्रणा. ग्रीसमध्ये अनेक किनाऱ्यांवर ‘सीट्रॅक’ नावाची सौरऊर्जेवर चालणारी यंत्रणा आहे. रुळावरच्या आसनावर बसायचं, रिमोटचं बटण दाबायचं आणि ते आसन पाण्यात जातं, तसंच परत आणतं. बार्सिलोनात नोव्हा इकारिया किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या हंगामात पाण्यात उतरायला मदत करणारे प्रशिक्षित लोक असतात. अशी सोय असलेलं ठिकाण पहिल्या सहलीसाठी उत्तम.

इथे दोन गोष्टींपासून सावध राहा. पहिली, ‘ब्लू फ्लॅग’चा झेंडा, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन. हे मानांकन मिळालेल्या प्रत्येक किनाऱ्यावर व्हीलचेअरची सोय असतेच असं नाही. नियमाप्रमाणे एका नगरपालिकेच्या हद्दीतल्या अशा किनाऱ्यांपैकी किमान एकावर ती असावी लागते. तो नेमका कोणता, हे विचारून घ्या. दुसरी गोष्ट, जुनी बातमी. चेन्नईच्या मरीना बीचवर नोव्हेंबर २०२२मध्ये व्हीलचेअरसाठी थेट पाण्याजवळ नेणारी लाकडी वाट सुरू झाली आणि दोनच आठवड्यांत ‘मॅंडूस’ चक्रीवादळाने तिची मोडतोड केली. पुढे दुरुस्ती झाली, पण मधल्या काळात उद्घाटनाची बातमी वाचून तिथे पोचलेल्याची काय अवस्था झाली असेल! समुद्रकाठची कुठलीही वाट वारा, वाळू आणि लाटा खात असतात. म्हणून ‘वाट आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘या आठवड्यात ती शेवटपर्यंत उघडी आहे का?’ असं विचारा.

२. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी, बाकीचा दिवस त्याभोवती

चालणाऱ्या माणसाला भरती-ओहोटीने फारसा फरक पडत नाही. आपला मात्र अख्खा दिवस तिच्यावर ठरतो, म्हणून हे नीट समजून घ्या.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी दहाला सोयीची असलेली स्थिती चार दिवसांनी दुपारी दीडच्या सुमाराला येईल, म्हणजे ऐन उन्हात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो. पहिल्यांदा जात असाल तर भांगाचे दिवस निवडा, पाण्याची रेषा फार पळत नाही. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक मुळातच अगदी थोडा असतो, तिथे ही काळजी कमी.

आता कोणत्या वेळी जायचं? चटईची किंवा फळ्यांची वाट बहुधा भरतीच्या रेषेच्या जरा अलीकडे संपते. पूर्ण ओहोटीला गेलात तर वाट संपल्यावर पुढे लांबच लांब वाळू असते आणि पाणी पार दूर. ऐन भरतीला गेलात तर पाणी जवळ असतं, पण उभं राहायला घट्ट जागा नसते. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भरती ओसरायला लागल्यानंतर तास-दीड तासाने. तेव्हा वाटेच्या टोकाला लागूनच ओली, नुकतीच दबलेली वाळू मिळते, आणि पाणी मागे जात असल्यामुळे पुढचे काही तास जागा वाढतच जाते. मधला कोरडा पट्टा नाहीसा झालेला असतो किंवा अगदी थोडा उरतो.

चढत्या पाण्यात खुर्ची वाळूवर उभी करून निवांत बसू नका. भरतीचं पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडंच चढतं, मधल्या दोन तासांत मात्र एकूण चढाच्या जवळजवळ निम्मं वर येतं. सपाट किनाऱ्यावर याचा अर्थ पाणी भराभर आत पसरतं. पळून जाणं आपल्याला जमत नाही, आणि भिजलेल्या वाळूत चाकं बसली की दोघांनी मिळूनही खुर्ची हलत नाही.

होडीतून फिरायचं असेल तर गणित बरोबर उलटं होतं. तरंगत्या धक्क्यावर उतरणारा पूल ओहोटीला खोल झुकतो आणि त्याचा उतार भलताच तीव्र होतो. भरतीच्या वेळी तोच पूल जवळपास आडवा असतो. तेव्हा होडी भरतीला आणि वाळू ओसरत्या पाण्यात, असा दिवस लावा.

३. फोनवर माप मागा

‘तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का?’ या प्रश्नाला जगभर एकच उत्तर मिळतं: ‘हो, आहे ना!’ सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याच्या दृष्टीने दोन पायऱ्या म्हणजे काहीच नाही, चार माणसं उचलतील. पण उचलून नेणं ही सोय नव्हे. त्यात पडण्याचा धोका आहे, आणि बऱ्याच इलेक्ट्रिक खुर्च्यांचं वजन १०० किलोच्या वर असतं. म्हणून हो-नाहीचे प्रश्न टाळा. हे विचारा:

- रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या? प्रत्येकीची उंची किती?
- रॅम्प असेल तर त्याची लांबी किती, आणि तो किती उंचीवर चढतो? उंचीच्या बारा पट लांबी हवी. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटरचा रॅम्प. यापेक्षा आखूड असेल तर ती घसरगुंडी समजा.
- लिफ्टच्या दाराची रुंदी किती, आणि आत दारापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर किती?
- बाथरूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं? उंबरठा आहे का?
- बीच व्हीलचेअर आहे का, किती वाजता मिळते, आधी नोंदवावी लागते का, किती वजन पेलते, आणि ती ढकलायला माणूस मिळतो का?

शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. फुगीर चाकांच्या बहुतेक खुर्च्या स्वतःला चालवता येत नाहीत. सोबत जोर लावणारं कुणी नसेल तर ती खुर्ची नुसती शेडमध्ये उभी राहते.

विचारताना संकोच वाटू देऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क करारात कलम ३० आहे. त्यात करमणूक, खेळ आणि पर्यटनाच्या जागी प्रवेश मिळणं हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तुम्ही कुणाची मेहेरबानी मागत नाही आहात.

४. खोलीचं दार आणि बाथरूम

फोटो मागवा, आणि त्यात मोजपट्टी धरायला सांगा. पट्टी चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धरलेली असेल तर ते माप कामाचं नाही. दार पूर्ण उघडल्यावर दाराचा पल्ला स्वतःच काही सेंटिमीटर जागा खातो. पट्टी उघडलेल्या पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत हवी. तिथे किमान ८० सेंटिमीटर मोकळे मिळाले पाहिजेत, ९० असतील तर हाताची बोटं सोलवटत नाहीत. पूर्ण वळायला साधारण १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. पलंगाभोवती एवढी नसेल तर निदान एका बाजूने तरी खुर्ची लावता येते का, ते बघा. पलंगाखाली मोकळी जागा आहे की पेटी, तेही विचारा. लिफ्टर (माणसाला उचलून पलंगावर ठेवणारं यंत्र) वापरत असाल तर त्याचे पाय पलंगाखाली जावे लागतात.

समुद्रकाठच्या मुक्कामात सगळ्यात महत्त्वाची खोली म्हणजे बाथरूम, कारण अंगाला वाळू आणि मीठ लागलेलं असताना आंघोळ टाळता येत नाही. शॉवरची जागा जमिनीशी सपाट आहे की वर काठ आहे? बसायला भक्कम शॉवर चेअर आहे की प्लास्टिकची बागेतली खुर्ची? ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात, तिच्यावर विसंबू नका. कमोडची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर असेल तर बहुतेकांना खुर्चीवरून सरकणं सोपं जातं. आधाराचे दांडे भिंतीत पक्के बसवलेले हवेत. काही ठिकाणी रबरी कपाने चिकटवलेले असतात, ते पूर्ण वजन पेलत नाहीत.

५. प्रवास आणि बॅटरी

विमानाने जाणार असाल तर बहुतेक कंपन्या ४८ तास आधी कळवायला सांगतात. तेव्हा आपली गरज नेमक्या संकेतात नोंदवली गेली आहे ना, ते तपासा. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे लांब चालता येत नाही, पण पायऱ्या चढता येतात. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, पण विमानात आसनापर्यंत चालता येतं. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे अजिबात चालता येत नाही, आसनापर्यंत मदत लागते. फोनवरचा माणूस घाईत पहिला संकेत टाकतो आणि मग विमानाच्या शिडीपाशी वाद सुरू होतो.

इलेक्ट्रिक खुर्चीची लिथियम बॅटरी काढून सोबत न्यायची असेल तर तिची क्षमता वॉट-अवरमध्ये माहीत हवी. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-अवर करा. २४ व्होल्ट, १२ ॲम्पिअर-अवर म्हणजे २८८. काढून नेण्याच्या एका बॅटरीची मर्यादा ३०० असते. ती सामानात टाकायची नाही, केबिनमध्ये जवळ ठेवायची.

खुर्ची ताब्यात देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. उशी, पायपाट्या आणि जॉयस्टिक असं सगळं सुटं होणारं काढून विमानात स्वतःजवळ घ्या. उतरल्यावर काही मोडलेलं दिसलं तर विमानतळ सोडण्याआधीच लेखी तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत करावी लागते.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- अपंगत्वाचं प्रमाणपत्र, मूळ आणि फोटोप्रत
- डॉक्टरांचं पत्र: आजार, औषधं, कॅथेटर (लघवीसाठीची नळी) किंवा सुया असतील तर त्यांचा उल्लेख
- औषधांची यादी, कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाच्या नावाने
- खुर्चीची लांबी, रुंदी, उंची, वजन आणि बॅटरीवरच्या लेबलचा फोटो
- प्रवास विमा, ज्यात खुर्चीचं नुकसान धरलेलं आहे असा
- फोनवर मिळालेली सगळी मापं, लेखी स्वरूपात

आणि पिशवीत हे सामान: ॲलन की, हवेचा छोटा पंप, जादा ट्यूब, झिप टाय, मोजपट्टी, ट्रान्सफर बोर्ड (खुर्चीवरून पलंगावर सरकायची फळी), जुना टूथब्रश, सुकी फडकी, थोडं ग्रीस, उशीसाठी जलरोधक आवरण, पाण्याची फवारणी बाटली, आणि दोन जाड रबरी चटया. चटया कशाला ते लगेच सांगते.

६. वाळूवर खुर्ची कशी न्यायची

वाळूत रुततात ती पुढची छोटी चाकं. मोठी चाकं वाळूवर टिकतात, पण छोट्या चाकावर वजन आलं की ते आधी आडवं वळतं, मग नांगरासारखं आत शिरतं. पायपाटी वाळूला टेकते आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. तशात मागून जोर लावला की माणूस तोंडावर पडतो. म्हणून मऊ वाळूत खुर्ची कधीही पुढे ढकलू नये. उलटी फिरवावी आणि मागे ओढत न्यावी, म्हणजे मोठी चाकं वाट करतात आणि छोटी चाकं नुसती मागून येतात. ओढणाऱ्याने खुर्ची किंचित आपल्याकडे कलती धरली तर अजून सोपं.

पट्टा थोडाच असेल तर रबरी चटया कामाला येतात. एक पुढे टाका, खुर्ची तिच्यावर न्या, मागची उचलून पुढे टाका. वेळ लागतो, पण पोचता येतं. पायपाटीला अडकवायचं एक मोठं जादा चाकही मिळतं. ते लावलं की पुढची छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात. गवत, खडी आणि घट्ट वाळूवर हे छान चालतं, भुसभुशीत वाळूत मात्र त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. हवेच्या टायरमधली हवा थोडी कमी केली तरी फरक पडतो. परत येताना ती भरायला विसरू नका.

फळ्यांच्या वाटेवर दोन गोष्टी बघा. फळ्यांमधल्या फटी वाटेला आडव्या हव्यात, उभ्या असतील तर चाक अडकतं. आणि वाटेच्या कडेवर साचलेली वाळू फसवी असते, तिच्याखाली कड कुठे संपते ते दिसत नाही. सोबतच्या माणसाला पुढे चालायला सांगा. त्याची टाच दाबून किती रुतते त्यावरून तुम्हाला पुढची वाळू कळते.

स्वतःची इलेक्ट्रिक खुर्ची वाळूवर उतरवू नका. मोटरमध्ये वाळू आणि मीठ गेलं तर पुढचा सगळा प्रवास खोलीत बसून काढावा लागेल. ती वाटेच्या टोकाला सावलीत झाकून ठेवा आणि तिथून बीच व्हीलचेअरवर बसा. ही खुर्ची बहुधा खोलगट आणि मागे कललेली असते. बसणं जमतं, उठताना दोन माणसं लागतात, हे आधी हिशेबात धरा.

७. पाण्यात उतरताना

तरंगणाऱ्या खुर्चीला स्थिर पाणी मानवतं. लाट बाजूने आदळली तर ती उलटू शकते. म्हणून शांत खाडी किंवा बांधाआडचं पाणी निवडा, जीवरक्षक हजर असेल तेव्हाच उतरा, आणि लाल झेंडा असेल तर परत फिरा.

कमरेचा पट्टा हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. साध्या खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत पाण्यात कधीही जाऊ नये. बीच व्हीलचेअरला पट्टा असेल तर तो एका झटक्यात सुटतो ना, ते किनाऱ्यावर करून बघा. सोबतच्या प्रत्येकाला तो सोडता आला पाहिजे.

लाइफ जॅकेट मानेला आधार देणारं आणि तोंड वर ठेवणारं घ्या. पायांत ताकद नसली की पाय पाण्यात वर तरंगतात आणि अंगाचा तोल अनपेक्षितपणे फिरतो. पहिल्या वेळी कंबरभर पाण्यात, दोघांच्या आधाराने तो तोल कसा फिरतो ते समजून घ्या. थंड पाण्यात स्नायू आखडण्याचा त्रास वाढू शकतो, तेव्हा हळूहळू उतरा.

८. ऊन आणि त्वचा

मणक्याच्या दुखापतीत, विशेषतः छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखापत असेल तर, खालच्या भागाला घाम नीट येत नाही आणि शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. फवारणी बाटलीने चेहरा, मान आणि हात ओले ठेवा. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, दुखापतीच्या वर घाम फुटला तर सरळ बसा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का किंवा लघवीची पिशवी भरली आहे का ते लगेच बघा, आणि वैद्यकीय मदत बोलवा. रक्तदाब धोकादायक पातळीला जात असल्याची ती खूण असते.

जिथे संवेदना नाही तिथे तापलेली वाळू, खुर्चीचा लोखंडी भाग, शिंपल्याची धार यातलं काहीच जाणवत नाही. पायात बंद बूट घाला, पाण्यातसुद्धा. ओल्या कपड्यांत वाळू अडकून बसणं म्हणजे बेडसोअरला, दाबाने होणाऱ्या जखमेला, आमंत्रण. पाण्याबाहेर आलात की कोरडे कपडे, कोरडी उशी, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा अंग उचलून दाब मोकळा करा. रात्री आंघोळीनंतर आरशात किंवा सोबतच्या माणसाकडून पाठ, कुल्ले, टाचा तपासून घ्या. लाल डाग दाबल्यावरही फिका होत नसेल तर दुसऱ्या दिवशी बसणं कमी करा, समुद्र राहिला तरी चालेल.

९. त्याच संध्याकाळी खुर्ची धुवा

खारी हवा आणि वाळू बेअरिंगचं काम रातोरात बिघडवतात. गोड्या पाण्याने धुवा, पण जोराचा फवारा मारू नका, वाळू उलट आत ढकलली जाते. मोठी चाकं काढून आस पुसा. छोट्या चाकांच्या आसाभोवती केस आणि वाळू गुंडाळलेली असते, ती टूथब्रशने काढा. सगळं कोरडं करून सांध्यांना ग्रीसचा हात फिरवा. हवा कमी केली असेल तर भरा. चाक हाताने फिरवून कानाजवळ ऐका. करकर आली तर वाळू अजून आत आहे, पुन्हा धुवा.

खोली सोडायच्या आधी तुम्ही स्वतः मोजलेली मापं तिथल्या व्यवस्थापकाला लिहून द्या: दाराची खरी रुंदी, उंबरठ्याची उंची, वाटेच्या टोकापासून ओल्या वाळूपर्यंतचं अंतर आणि ते कोणत्या भरतीला मोजलं ती वेळ. पुढच्या माणसाने फोन केला तर त्याला ‘हो, आहे ना’ऐवजी आकडे मिळतील.